‘दहावीनंतर आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच असतं. आयटीआयला, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, गेलं की पुढचं शिक्षण बंद. तो मार्ग कमी मार्कांच्या मुलांचा. आयटीआय करूनही नोकरी नाहीच. अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत काम शिकणारा उमेदवार, हा कंपनीला मिळालेला फुकटचा मजूर. सगळीकडे मशीन आल्यावर हाताच्या कामाला कोण विचारतो? शिकता शिकता काम केलं की अभ्यास बुडतो. आणि काहीच सुचत नसेल तर सायन्स घ्या, सगळे पर्याय खुले राहतात.

हे वाचून दरवर्षी कितीतरी घरांत मुलाला न विचारताच निर्णय होतो, म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. आयटीआयनंतर पुढे जाता येतं. पण पुढच्या प्रत्येक टप्प्याला अट आहे आणि त्यातल्या बहुतेक अटी ट्रेड, म्हणजे आयटीआयमध्ये शिकायचा व्यवसाय, निवडतानाच ठरून जातात. त्या वेळी कुणी सांगत नाही, दोन वर्षांनी मूल अडकतं आणि मग हा मेसेज खरा वाटू लागतो.

‘पुढचं शिक्षण बंद होतं’

दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग मोकळा होतो. इथे महत्त्वाचे शब्द आहेत ‘दोन वर्षांचा’. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) हे एका वर्षाचे. ‘एका वर्षात सुटका’ म्हणून एक वर्षाचा ट्रेड घेतला तर थेट दुसऱ्या वर्षाची सोय हातची जाते. पदविका करायचा विचार मनात दहा टक्के जरी असेल, तरी प्रवेश अर्जात पसंतीचे विकल्प भरताना दोन वर्षांचेच ट्रेड वर ठेवा. ट्रेड आणि पदविकेची शाखा जुळते का, हेही आधीच पाहून घ्या.

बारावीचं काय, हा पालकांचा पुढचा प्रश्न असतो. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्यांना राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं, बाकीच्या विषयांचं श्रेय आयटीआयमधून वर्ग होतं. दहावी न झालेल्या मुलांना याच पद्धतीने दहावी मिळवता येते. मंडळ परीक्षा अर्जांची सूचना काढतं, तेव्हा त्यात ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ घेणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांचा वेगळा उल्लेख असतो. तोच शब्द शोधायचा. बरीच मुलं ही सूचना न वाचल्यामुळे एक वर्ष घालवतात. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही अशी सोय आहे.

याची मर्यादाही सांगायलाच हवी. अशा बारावीत भौतिक, रसायन, गणित हे विषय नसतात. त्यामुळे नीट, जेईई, सीईटीमधून अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष किंवा एनडीएमधली हवाई दल आणि नौदलाची वाट या मार्गाने मिळत नाही. मुलाला डॉक्टरच व्हायचं असेल तर आयटीआय हा त्याचा मार्ग नव्हे.

थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं अडखळतात ती वर्कशॉपमध्ये नाही, गणितात. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात बेसिक मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स होऊन जातं. आयटीआयमधून आलेल्या मुलाने ते पाहिलेलंच नसतं आणि दुसऱ्या वर्षाचे शिक्षक ते येतं असं गृहीत धरून पुढे जातात. म्हणून आयटीआयची परीक्षा संपल्यापासून पदविकेचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन या चार गोष्टी रोज तासभर बसून कराव्यात. इलेक्ट्रिकलला जाणाऱ्याने त्यात कॉम्प्लेक्स नंबर वाढवावेत, नाहीतर एसी सर्किटचा पहिलाच धडा डोक्यावरून जातो.

ज्यांना शिकवायची आवड आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. ट्रेड प्रमाणपत्रावर क्राफ्ट्स इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग योजनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आयटीआय निदेशक (तिथला शिक्षक) होता येतं. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो.

‘कमी मार्कांच्या मुलांसाठी’

आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवरच लागते. काही ट्रेडना आठवी किंवा दहावी नापास मुलं पात्र असतात, पण फिटर आणि इलेक्ट्रिशियनला दहावी उत्तीर्ण असावंच लागतं. मागणीच्या ट्रेडची जागा चांगल्या शासकीय संस्थेत सहज मिळते, हा गैरसमज जागा हातून गेल्यावरच दूर होतो.

अर्जातली एक चूक मात्र मार्कांपेक्षा जास्त नुकसान करते. ऑनलाइन नोंदणी केली म्हणजे काम झालं असं समजून मुलं थांबतात. अर्ज निश्चित करणं आणि विकल्प व प्राधान्यक्रम सादर करणं या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. विकल्प भरलेच नाहीत तर कितीही गुण असले तरी फेरीत नाव येणार नाही. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. त्यामुळे ‘बघू मिळतो का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर भलताच ट्रेड टाकू नका.

‘सायन्स घेतलं की सगळे पर्याय खुले’

खुले राहतात ते पास झाल्यावर आणि प्रवेश परीक्षेत गुण मिळाल्यावर. दोन वर्षं क्लासची फी भरून बारावीला पंचेचाळीस टक्के घेतलेलं मूल शेवटी पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाच्याच रांगेत उभं राहतं. आयटीआयचा मुलगाही त्याच रांगेत असतो. फरक इतकाच की एकाच्या हातात ट्रेडचं प्रमाणपत्र असतं.

मधला मार्गही आहे, त्याचं नावच अनेक पालकांनी ऐकलेलं नसतं. अकरावी-बारावी सायन्समध्ये द्विलक्षी (बायफोकल) म्हणजे व्यवसायाशी जोडलेला विषय घेता येतो: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स वगैरे. हा विषय २०० गुणांचा असतो आणि त्यात प्रात्यक्षिकाला मोठा वाटा असतो. भौतिक, रसायन, गणित कायम राहतं, म्हणून सीईटीची वाट सुटत नाही. पण त्यासाठी जीवशास्त्र सोडलं तर नीटची सरळ वाट राहत नाही. कॉलेज निवडताना तिथे कोणता द्विलक्षी विषय खरोखर शिकवला जातो आणि प्रयोगशाळा चालू आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

‘अप्रेंटिस म्हणजे फुकटचा मजूर’

या मुद्द्यामागे खरी चीड आहे, कारण फसवणूक होते. पण जिथे फसवणूक होते तिथे बहुतेक वेळा अप्रेंटिसशिप नसतेच.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. विद्यावेतनाचा किमान दर सरकार ठरवतं. २०१९ च्या सुधारित नियमांत तो दहावी उत्तीर्णाला दरमहा ६,००० रुपये आणि ट्रेड प्रमाणपत्र असलेल्याला ७,००० रुपये होता. दर बदलतात, म्हणून करार करताना पोर्टलवरचा चालू दर पाहावा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकारकडून थेट अप्रेंटिसच्या खात्यात येतात. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हे पैसे अडकतात आणि मुलं कंपनीला दोष देत बसतात.

आता खरी अप्रेंटिसशिप ओळखायची कशी? सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमच्या नावाचा करार असतो आणि त्याला क्रमांक असतो. करारावर ट्रेडचं नाव, मुदत आणि विद्यावेतन लिहिलेलं असतं. पैसे बँकेतून येतात, रोखीने नाही. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ठेकेदाराने ‘ट्रेनी’ म्हणून गेटपास दिला, करार क्रमांक विचारल्यावर ‘नंतर येईल’ असं सांगितलं, तर ती कंत्राटी मजुरीच आहे. तिथे वर्ष काढून प्रमाणपत्र मिळत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही यात गल्लत होते. ती १८ ते ३५ वयोगटासाठी आहे, त्यात आयटीआय आणि पदविकाधारकांना दरमहा ८,००० रुपये ठरलेले आहेत आणि कामाचा अनुभव मिळतो. पण ती अप्रेंटिसशिप नाही, त्यातून अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र येत नाही.

नोंदणीकृत करारातही एक गोष्ट बिघडते. मुलाला वर्षभर पॅकिंगला किंवा लोडिंगला उभं करतात. मग व्यवसाय परीक्षेत मशीनसमोर हात थरथरतात. यावर उपाय पहिल्या महिन्यातच करायचा असतो. रोजचं काम तारखेसह वहीत लिहा: कोणतं मशीन, कोणतं काम, कोणाच्या देखरेखीखाली. सलग दोन आठवडे ट्रेडचं काम मिळालं नाही तर त्या वहीसह जवळच्या आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिप सल्लागार कार्यालयात लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रारीचा काही उपयोग होत नाही. प्रशिक्षणादरम्यान दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने आस्थापनेवर आहे, हेही मुलाला आणि पालकांना माहीत हवं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या: मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. ‘इथेच परमनंट करतील’ असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर पुढचं वर्ष बेतू नका.

‘मशीन आल्यावर हाताच्या कामाला कोण विचारतो’

फिटरच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. त्यातले कितीतरी तास व्हाइससमोर (तुकडा पकडायच्या शेगड्यासमोर) कानस चालवण्यात जातात आणि बघणाऱ्याला ते निरर्थक वाटतं. सुरुवातीला ०.२५ मिलिमीटरची सूट (मापात चालणारा फरक) असते, पुढे दोन तुकडे एकमेकांत बसवताना ती ०.०४ मिलिमीटरवर येते. नवशिक्या मुलाचा जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, हमखास मधे फुगतो आणि कडांना उतरतो. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरला की दोन्ही टोकांना फट दिसते. कारण साधं आहे: कानस पुढे सरकताना दाब पुढच्या हातावरून हळूहळू मागच्या हातावर यायला हवा. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर कानस पाळण्यासारखी झुलते आणि कडा आधी खाते. परतीच्या फेरीत दाब द्यायचाच नसतो, दिला तर दातांची धार जाते. ज्याच्या हाताला ही सूट कळते तोच पुढे बेअरिंग बसवताना, शाफ्टची रेष जुळवताना, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) तुकडा पकडायचं फिक्स्चर लावताना उपयोगी पडतो. ऑटोमेशनची लाइन बंद पडते तेव्हा ती चालू करायला माणूसच लागतो, म्हणूनच दुसऱ्या वर्षात न्यूमॅटिक्स आणि हायड्रॉलिक्सची, म्हणजे हवेच्या आणि द्रवाच्या दाबावर चालणारी, सर्किटं शिकवतात. इलेक्ट्रिक वाहनांचा मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेडही आता आहे.

‘शिकताना काम केलं की अभ्यास बुडतो’

बुडतो, जर काम ठरवून दिलेलं नसेल तर. आयटीआयच्या आताच्या अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे, जवळ उद्योग नसेल तर गटाने प्रकल्प करायचा. अकरावी-बारावीच्या मुलांनीही दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा दिवस मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, दूध संघाच्या प्रयोगशाळेत किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये जायला हरकत नाही. कॉलेजच्या पत्रावर तारखा, वेळ, जबाबदार व्यक्ती आणि मुलाने शिकायच्या तीन नेमक्या गोष्टी लिहून द्या. त्या तीन गोष्टी लिहिल्या नाहीत तर मूल चहा आणण्यात आणि काउंटर सांभाळण्यात दिवस घालवतं.

कायद्याची चौकट इथे कडक आहे आणि ती तशीच हवी. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. बाकीच्या कामातही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर एक तास सुट्टी, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही.

‘आयटीआय करूनही नोकरी नाही’

ट्रेड न बघता ‘आयटीआय’ असं सरसकट म्हटलं की हा गोंधळ होतो. महावितरणची विद्युत सहायकांची ५,३४७ जागांची जाहिरात २०२३ च्या अखेरीस निघाली, त्यात वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) ट्रेड लागत होता. पहिल्या तीन वर्षांचं मानधन महिन्याला १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये होतं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला (इंजिनचालकाच्या सहायकाला) दहावी आणि ठरावीक ट्रेड चालतात, मूळ वेतन १९,९०० रुपये. पण त्या यादीत कोपा किंवा प्लंबर नाही. रेल्वेच्या लेव्हल एकच्या (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात.

लोको पायलटचं स्वप्न असेल तर ट्रेड निवडण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्या. त्या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ दृष्टी आणि रंगांची अचूक ओळख लागते. वैद्यकीय तपासणी भरतीत सगळ्यात शेवटी होते, आणि लेखी परीक्षा पास झालेली मुलं तिथे बाद होतात.