खुलासा : पुनरुत्थानाची शिकवण इ.स. ३२५ मध्ये ठरलेली नाही

शरणपूर परिसरातील आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, प्रभू येशूच्या पुनरुत्थानाची, म्हणजे तो मरणातून पुन्हा उठल्याची, शिकवण इ.स. ३२५च्या निकिया परिषदेत (ख्रिस्ती बिशपांच्या सभेत) प्रथम ठरली, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्या परिषदेतला मुख्य वाद पुत्राचे, म्हणजे येशूचे, पित्याशी, म्हणजे देवाशी, नाते काय, हा होता. पुनरुत्थानाची साक्ष बायबलच्या नव्या करारात, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात आहे आणि अभ्यासक ते पत्र इ.स. ५५च्या सुमाराचे मानतात. पाचशेहून अधिक बंधूंना प्रभू एकाच वेळी दिसला व त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो; म्हणजे खात्री करून घ्यायला माणसे होती. रविवारी नववीतल्या एका मुलीने हाच संदेश दाखवून, "मग मैत्रिणींना काय सांगू?" असे विचारले, तेव्हा आम्ही तो अध्याय शेजारी बसून वाचला. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.