‘चांगला माल एक्सपोर्टला’: चाकणच्या बाइकवरचा दावा, मुद्देनिहाय

रील्समधून आणि व्हॉट्सअॅपवर एक दावा गेले बरेच दिवस फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: चाकणला बनणारी, ट्रायम्फ या ब्रिटिश ब्रँडची स्पीड ४०० लंडनमध्ये सव्वापाच लाखांना विकली जाते आणि आपल्याकडे अडीच लाखांच्या आत. इतकी स्वस्त कशी परवडते? कारण चांगला माल वेगळ्या लाइनवर एक्सपोर्टसाठी बनतो आणि उरलेला आपल्या गळ्यात मारतात. वर फीचर्सही काढून घेतात. तेव्हा एक्सपोर्टचा पीस मिळाला तर डोळे झाकून घ्या.

हे चटकन पटतं, कारण पहिल्या प्रतीचा हापूस आखातात जातो आणि डागी पेटी आपल्या वाट्याला येते, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पण बाइक झाडाला लागत नाही. मुद्दे एकेक घेऊ.

आधी किमती. जुलै २०२३ मध्ये स्पीड ४०० आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती २.३३ लाख रुपये, ब्रिटनमध्ये ४,९९५ पौंड. पौंड तेव्हा १०५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वापाच लाखांचा आकडा खोटा नाही. आता कर बाजूला काढू. ब्रिटनच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. तो वजा केला की साधारण ४ लाख ३७ हजार उरतात. आपल्याकडे ३५० सीसीच्या वरच्या बाइकवर तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस होता; तो वजा केला की १ लाख ७८ हजार. म्हणजे कर काढल्यावर फरक कमी होत नाही, उलट वाढतो. ‘सगळा टॅक्सचा खेळ आहे’ असं उत्तर देणारेही कमेंटमध्ये असतात. त्यांचाही हिशेब चुकलेला आहे.

मग हा अडीचपट फरक कशाचा? काही भाग खर्चाचा. जहाजाचं भाडं, विमा, तिथली गोदामं, तिथल्या डीलरचं मार्जिन, तिथल्या मेकॅनिकचा पगार. भारतात बजाजच ही बाइक बनवते आणि विक्रीही तीच सांभाळते, त्यामुळे मधली एक साखळी वाचते. पण मोठा भाग साधा आहे: किंमत बाजार बघून ठरते. इथे गिऱ्हाइकासमोर दोन लाखांच्या आसपासची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० उभी असते. तिच्यापासून फार लांब गेलं तर ट्रायम्फचं नाव असूनही बाइक शोरूममध्येच राहील. ब्रिटनमध्ये हीच क्लासिक चार हजार पौंडांच्या वर विकली जाते. तिथे ४,९९५ ही स्वस्तच किंमत.

आणि गंमत बघा, अमेरिकेत याच बाइकची किंमत होती ४,९९५ डॉलर. आकडा तोच, चलन वेगळं. अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, म्हणून व्हॅट वजा केलेल्या ब्रिटिश किमतीशी ताडून पाहिलं तरी अमेरिकन गिऱ्हाइकाला ती स्वस्तच पडते. दाव्याचं तर्कशास्त्र लावलं तर चाकणमध्ये इंग्रजांसाठी एक, अमेरिकनांसाठी दुसरी आणि आपल्यासाठी तिसरी प्रत बनत असली पाहिजे.

याहून बोलकं उदाहरण होसूरचं. तमिळनाडूतल्या टीव्हीएसच्या कारखान्यात बीएमडब्ल्यू जी ३१० आर आणि टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या दोन्ही बनायच्या. इंजिन तेच, ३१२ सीसीचं. अपाचे डिसेंबर २०१७ मध्ये २.०५ लाखांना आली, बीएमडब्ल्यू जुलै २०१८ मध्ये २.९९ लाखांना. दोन्ही भारतातच विकायला. वरचे ९४ हजार प्रामुख्याने टाकीवरच्या बिल्ल्याचे होते. ते फारसे कोणी मोजेनात, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) आवृत्तीची किंमत थेट २.४५ लाखांवर आली. त्याच वेळी बाइकला एलईडी हेडलाइट, राइड-बाय-वायर आणि स्लिपर क्लच मिळाला. किंमत उतरली आणि माल सुधारला. किमतीवरून प्रत ओळखणाऱ्यांनी याचं काय करायचं?

तिथे महाग विकतात म्हणजे तिथे नुसता नफाच, हेही गृहीत धरू नये. बजाजची भागीदार असलेली ऑस्ट्रियाची केटीएम युरोपात महागच विकत होती. न विकलेल्या बाइकनी गोदामं भरली, नोव्हेंबर २०२४ मध्ये माटिगहोफेनची ही कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली आणि शेवटी पुण्याच्या बजाजला पैसा ओतावा लागला.

‘वेगळी लाइन’ हा मुद्दा लवकर संपतो. स्पीड ४०० आली तेव्हा इथे ४० पीएस ताकद आणि ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायची, ब्रिटनमध्येही तेवढंच. सर्व्हिसचं अंतर इथे १६,००० किलोमीटर, तिथे १०,००० मैल. दोन्ही एकच. आतला धातू हलका असता तर कंपनीने हा आकडा आपल्या रस्त्यांसाठी छापायची हिंमत केली नसती.

शिवाय एक्सपोर्ट म्हणजे लंडनच, हे डोक्यातून काढायला हवं. बजाजच्या निर्यातीत आफ्रिकेला जाणाऱ्या बॉक्सरचा वाटा मोठा आहे. नायजेरिया, युगांडात ती टॅक्सी म्हणून चालते: लांब सीट, दणकट स्प्रिंग, रस्त्याकडेच्या मिस्त्रीला उघडता येईल असा कार्ब्युरेटर. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक बाइक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इथे एक्सपोर्टचा माल आपल्यापेक्षा साधा आहे. तो वाईट नाही, त्या गिऱ्हाइकाला तोच हवा असतो.

एक्सपोर्टचा पीस ‘डोळे झाकून’ घेणाऱ्यांनी तो आरटीओत पासिंगला नेऊन बघावा. भारतीय नियमांत मागच्या चाकाला साडी गार्ड लागतो, मागे बसणाऱ्याला धरायला दांडी लागते. परदेशी स्पेकच्या बाइकवर यातलं सगळं असेलच असं नाही, आणि इथला डीलर तिची वॉरंटी मानेलच असंही नाही.

राहिला फीचर्सचा मुद्दा, आणि इथे दाव्यात तथ्य आहे. इथल्या स्पीड ४०० वर सुरुवातीला एमआरएफ किंवा अपोलोचे टायर यायचे, युरोपात महागडे परदेशी ब्रँड. त्याला एक कारण सरकारीही आहे: जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे. टायर नंतर बदलता येतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, तशी नंतर बसवून घेता येत नाही. केटीएम ड्यूक २०० जानेवारी २०१२ मध्ये भारतात आली ती एबीएसशिवाय. चाकणमध्येच बनून युरोपात जाणाऱ्या ड्यूक २०० ला पुढे एबीएस मिळालं, आपल्याला ते २०१८ च्या अखेरीस मिळालं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलला एबीएस सक्तीचं झालं होतं आणि एप्रिल २०१९ पासून जुन्या मॉडेललाही होणार होतं. तंत्र, पुरवठादार, कारखाना सगळं हाताशी असून कायद्याची तारीख जवळ येईपर्यंत थांबलेच ना? संताप करायचा तर यावर करावा.

१२५ सीसी आणि त्याखालच्या बाइकना कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारे) चालतील, अशी तेव्हाची सवलत होती. खपातला सगळ्यात मोठा वाटा याच बाइकचा. जून २०२५ मध्ये केंद्राने ५० सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा काढला, तेव्हा उत्पादकांनी किमतीचं कारण पुढे केलं. त्यावर मात्र एकही रील माझ्यापर्यंत आलं नाही.