होडीची किंमत काढणे आहे

होडी विकायचं ठरलं आणि किंमत काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी कुडाळात एका पतसंस्थेचे हिशेब लिहितो. शिवाय मला होडी लागते, बसलो की पोट ढवळतं. आमच्या मालवणात असा माणूस होडीच्या बाबतीत निःपक्षपाती समजला जातो.

बाबांचा आकडा तयारच होता. आठ लाख. कसा काढलात विचारलं, तर म्हणाले, "बांधताना किती खर्च इलो, ता माका ठाऊक आसा." त्यात त्यांनी आजवर मारलेला रंगाचा प्रत्येक डबा, बदललेला प्रत्येक खिळा आणि दरवर्षी होडी वर ओढायला आलेल्यांना पाजलेला चहा धरला होता. माझ्या घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे हीच होडी कधीचीच शून्य रुपयांना पोचली होती. शून्य रुपयांची वस्तू दर मोसमात सुरमई कशी आणते, याला कोष्टकात रकाना नव्हता.

मग बंदरावर विचारत हिंडलो. इंजिनवाला म्हणाला, लाकडाला कोण विचारतो, पैसे इंजिनाचे. सुतार म्हणाला, इंजिन काय, भंगारात किलोवर जातं, खरी किंमत सागाची. मच्छीमार सोसायटीतले गृहस्थ म्हणाले, दोन्ही राहू दे, नोंदणी आणि परवाना नावावर चढतोय का ते बघ, डिझेलचा परतावा त्यावर मिळतो. आणि हो, जुनी बाकी फेडल्याशिवाय ना-हरकत दाखला मिळायचा नाही. या तिघांचे आकडे एकत्र केले तर नवी होडी आली असती. वेगवेगळे धरले तर जाळी धुवायचा साबण.

वेळेचंही गणित असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जूनमध्ये होडी घेणारा दोन महिने शाकारलेल्या लाकडाची राखण करणार, म्हणून तो भाव पाडतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यालाच घाई सुटते. म्हणून आम्ही जुलैअखेरपर्यंत 'विकायची तशी घाई नाही' असा चेहरा करून बसलो. बाबांना तो छान जमला, कारण त्यांना खरंच विकायची नव्हती.

गिऱ्हाइकं यायला लागली. होडी बघायला आलेला माणूस होडीचं कौतुक कधीच करत नाही. पहिल्याने हातोडीच्या दांड्याने फळ्या ठोकल्या. टणक आवाज आला की गप्प, भद्द आवाज आला की माझ्याकडे बघून मान हलवायची. मग चाकूचं टोक खालच्या फळीत खुपसलं. ते जरा जास्तच आत गेलं. "फायबर कधी मारलात?" त्याने विचारलं. प्रश्न खोचक होता. ओल्या लाकडावर फायबर चढवलं की बाहेरून होडी नवरीसारखी दिसते आणि आत पाणी कोंडून फळी कुजत राहते. बाबा म्हणाले, "होडयेक इचार." तो चार लाख म्हणाला.

दुसरा हुशार. आल्या आल्या इंजिनावर तळहात ठेवला. आम्ही आधीच सुरू करून गरम केलंय का, ते पाहायला. गार इंजिन एका फटक्यात सुरू झालं, पण धुराला निळसर झाक होती, म्हणजे ऑइल जळत होतं. त्याने काही न बोलता बोटाने धूर दाखवला आणि पन्नास हजार कमी केले. धुराला इतका भाव मी पहिल्यांदाच पाहिला.

तिसरा तर होडीकडे न बघता समुद्राकडेच बघत राहिला. "मासे ऱ्हवले खय? परराज्यातले ट्रॉलर, एलईडी दिवे लावून मासे ओढणारे..." बाबांनी शांतपणे विचारलं, "मगे होडी कित्याक व्हयी तुका? हवा खावक?"

शेवटी देवगडकडचा एक तरुण आला. त्याने होडीखाली उताणं पडून सगळा तळ पाहिला, पंख्याचा शाफ्ट हलवून पाहिला आणि उठून एवढंच विचारलं, "वाऱ्यात कशी चलता?" झालं! बाबा खुलले. माझ्यादेखत ते स्वतःच किंमत उतरवायला लागले. नांगर दिला, दोर दिले, बुया दिल्या. मी खाकरलो, तर जाळ्याचे दोन तुकडेही देऊन टाकले. साडेपाच लाखांना सौदा ठरत आला. मग जुन्या बॅटरीच्या दीड हजारासाठी दोघांनी तासभर हुज्जत घातली.

आणि जीपीएस राहिला. यंत्र जुनं, पण आत बाबांचे पॉइंट होते. कुठे खडप, कुठे मासा बसतो, सगळं. चालतं का पाहायला तरुणाने ते लावलं आणि यादी वाचू लागला. दुसऱ्याला कळू नये म्हणून बाबांनी भलतीसलती नावं दिलेली. 'पोस्ट', 'डॉक्टर', 'सासरवाडी'.

"यंत्र तुमका ऱ्हवांदे," तो म्हणाला. "'सासरवाडी' काय ता सांगा."

"पंचवीस हजार."

बॅटरीवर तासभर भांडलेल्या त्या माणसाने तिथल्या तिथे फोन काढून पैसे पाठवले. मी साडेपाच लाखांच्या खाली 'सासरवाडी' म्हणून तो आकडा लिहिला आणि घरी येऊन बेरीज वाचून दाखवली.

आई चुलीपुढून म्हणाली, "माज्या म्हायाराची किंमत पंचवीसच हजार लावलात?"