शंभराच्या आतलं पेन

सहावीच्या बाईंनी लेकीच्या वहीत लिहून पाठवलं, ‘अक्षर सुधारण्यासाठी शाईचे पेन वापरावे.’ लिहिलं होतं बॉलपेननं. ते मी घरात सगळ्यांना दाखवलं, पण कुणी हसलं नाही.

बजेट मीच ठरवलं, शंभराच्या आत. कंजूषपणा म्हणून नव्हे. आमची लेक आठवड्याला एक टोपण आणि पंधरवड्याला एक अख्खं पेन हरवते.

गाडी बिंदू चौकात लावून आम्ही गर्दीतून महाद्वार रोडला पोचलो. आबाही आले, कारण पेनाबद्दल त्यांना मतं आहेत.

“निब कंची? फाईन का मीडियम?” दुकानदारानं विचारलं.

“मीडियम,” मी म्हणालो. कोल्हापुरात मिसळीच्या कटालासुद्धा मीडियम चालत नाही, हे विसरून.

“पोरीच्या वहीचा कागद पातळ असतोय. मीडियमची शाई फुटती, मागच्या पानावर दिसती. फाईन घ्या की.”

मग प्रश्न आला, कार्ट्रिज का ड्रॉपर? कार्ट्रिज म्हणजे शाईची तयार नळी, आणि एका कंपनीची दुसरीच्या पेनात बसेलच असं नाही. ड्रॉपरनं भरायच्या पेनात शाई भरपूर मावते, पण ती अर्धी संपली की मोकळ्या जागेतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि शाईला निबेकडं ढकलते. म्हणजे पेन भरलेलं असलं की शहाणं, रिकामं होत आलं की गळकं. आमच्या गल्लीत काहीजणांचं नेमकं उलटं असतं.

“आमच्या वेळंला शाईची पूड मिळायची,” आबा म्हणाले, “घोडा छाप. पाण्यात कालवायची.” दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत जुंपलेल्या त्या घोड्याचा पुढं कॅमल झाला, हे आबांना अजून पटलेलं नाही. “चांगलं घोडं सोडून उंटावर कशाला बसायचं?”

पेन तपासायला गल्ल्याशेजारी एक वही होती. अशी वही निवांत वाचावी. नवं पेन हातात आलं की माणसाला काही म्हणता काही सुचत नाही; मग ‘श्री’, मग स्वतःची सही. एकानं सही अकरा वेळा केली होती आणि एकही दुसरीसारखी नव्हती. बँकेत याचं कसं निभतं कोण जाणे. कोपऱ्यात कुणीतरी दुधाचा हिशेब केला होता, तोही चुकलेला. खाली ठळक अक्षरात, ‘नाद करायचा न्हाई’. एवढं सगळं वाचून मीही ‘श्री’च लिहिलं.

लेकीनं मीडियम निबेनं लिहिलं, ‘पप्पा, मला भूक लागली’. लिहिता लिहिता तिचा हात वरून फिरला आणि भूक पुसली गेली.

“पोरगी डावरी हाय व्हय!” दुकानदार ओरडला. “मग फाईनच. शाई कमी सोडती, लवकर वाळती.”

“मी मघापासनं तेच सांगालोय,” लेक म्हणाली.

ती डावरी आहे, हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं. त्याचा निबेशी संबंध असतो, हे त्या दिवशी कळलं.

पेन ऐंशीचं. मग दौत, ड्रॉपर, टिपकागद, हरवणार म्हणून तसलंच आणखी एक, आणि माझ्यासाठी एक मीडियम, कारण मला ते आवडलं होतं. शंभराच्या आतलं बिल तीनशे नव्वदवर गेलं. माझ्या पेनात चवीपुरती थोडीच शाई भरून घेतली आणि ते शर्टाच्या खिशाला लावून रंकाळ्यावर भेळ खायला गेलो.

घरी आल्यावर लेकीनं ‘श्री’ लिहिलं, न पुसता. बायकोनं माझ्या खिशाकडं बोट दाखवलं. पांढऱ्या शर्टावर वीतभर निळा डाग, पाठीवर चक्क मदार असलेला.

“उंट,” मी म्हणालो.

आबांनी चष्मा लावला, जवळ येऊन नीट बघितलं.

“घोडंच हाय ते. वर खोगीर हाय.”