रीमेकवाल्यांनो, उचलायचंच तर प्रसंगामागचं कारण उचला

पुन्हा रीमेक, आणि पुन्हा तीच टकळी: 'आजच्या प्रेक्षकांसाठी नव्या रूपात!' अहो, आजच्या प्रेक्षकाने मूळ सिनेमा सबटायटल लावून कधीच बघून टाकलाय. दुसऱ्या भाषेतला सिनेमा पोचायचा नाही तेव्हा रीमेकला निदान काही कारण तरी होतं. आता तुमच्याकडे आहे काय? तेच प्रसंग, महागडे कपडे आणि पाट्या टाकलेली पटकथा.

'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८) शेजारी शेजारी ठेवून बघा. 'सैराट'मध्ये पाटलांचं पोरगं भर वर्गात प्राध्यापकाच्या कानाखाली वाजवतं आणि त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. शेवट तिथेच ठरतो. परश्याची जात, पाटलांची सत्ता आणि आर्चीने मोडलेली चौकट यांतली एक वीट काढली तरी शेवटची रक्ताची पावलं निराधार होतात. 'धडक'ने गोष्ट उदयपूरला नेली, जात दोनचार वाक्यांत उरकली आणि शेवटी धक्का मात्र तसाच मागितला. कसा बसेल? त्यात मुलीला जिवंत ठेवून नवरा आणि बाळाला मारलं. म्हणजे शेवट बदललाय असंही म्हणायची सोय. 'झिंगाट'ची चाल तीच, संगीतकारही तेच अजय-अतुल, पण बोली गेली तसा त्यातला धुरळाही गेला.

आणि मूळ दिग्दर्शकच घेतला म्हणजे काम फत्ते, हाही एक भ्रम. जॉर्ज स्लाउझरने १९८८च्या आपल्याच 'द व्हॅनिशिंग'चा १९९३ मध्ये हॉलिवूडसाठी रीमेक केला. मूळ सिनेमाची सगळी भीती त्याच्या निर्दय शेवटात होती. रीमेकमध्ये नायकाला वाचवलं. संपलं!

शॉट जसेच्या तसे उचलूनही भागत नाही. 'सायको'चा १९९८चा रीमेक बघा: पटकथा जवळपास तीच, संगीतही मूळ संगीतकार बर्नार्ड हरमनचंच, कॅमेऱ्याच्या जागासुद्धा बहुतेक त्याच. फक्त रंग आले. १९६०चा मूळ सिनेमा कृष्णधवल होता म्हणून चॉकलेट सिरप रक्त म्हणून खपलं, आणि त्या करड्या छटांत डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते मन भरून काढत होतं. रंग आले की मनाला कामच उरत नाही. 'द लायन किंग'चंही तेच. १९९४चा ८८ मिनिटांचा, २०१९चा ११८ मिनिटांचा. अर्धा तास वाढवला, पण सिंह इतका खरा केला की बाप मेल्यावरही पोराच्या तोंडावरची रेष हलत नाही. खऱ्या सिंहाला भुवया उडवता येत नाहीत, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही?

मोबाइलचा घोळ तर डोक्यातच जातो. जुन्या गोष्टींतला निम्मा पेच निरोप न पोचण्यावर उभा असतो. आज एका फोनवर तो सुटतो. मग हे काय करतात? 'नेटवर्क नाही' एवढं एक वाक्य टाकतात, नाहीतर बॅटरी संपवतात. पूर्ण सिनेमा एका चार्जरवर टांगलेला!

रीमेक जमतच नाही असंही नाही, म्हणून तर जास्त चीड येते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा १९६६च्या 'बीवी और मकान'वर बेतलेला. घर मिळत नाही ही मूळ अडचण ठेवली आणि बोलणं वसंत सबनीसांनी अस्सल मराठी केलं. आज मूळ सिनेमा किती जणांना आठवतो? 'दृश्यम'ही मल्याळममधून (२०१३) हिंदीत (२०१५) आला तेव्हा तिकिटं, बिलं, साक्षीदार हा पुराव्यांचा सांगाडा कोणी मोडला नाही. नायक हे डाव सिनेमे बघून बघून शिकलाय, हेही शाबूत ठेवलं.

एवढंच तर करायचं असतं! प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, या माणसाला नेमकं काय अडवतंय. नव्या गावात, नव्या काळात तसाच अडथळा शोधा. सापडला नाही तर तो प्रसंग काढा, आणि त्यावर उभे असलेले पुढचे प्रसंगही काढा. पण नाही. यांना प्रसंग हवेत, अडथळे नकोत.

वर भुर्दंड प्रेक्षकालाच. नाव तेच ठेवतात, त्यामुळे शोधताना नावापुढे साल आणि दिग्दर्शक टाकल्याशिवाय मूळ सिनेमा हाती लागत नाही. कधी चकचकीत पोस्टर बघून भलताच लावला जातो, आणि वीस मिनिटांनी कळतं की हा तो नव्हेच.