‘कडक हाताशिवाय संस्था चालत नाही’: हा दावा कुठे कुठे फसतो

‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण पुढे करून एक दावा वारंवार केला जातो. संस्था असो, कारखाना असो की वस्ती, हुकूम एकाचाच हवा. विचारत बसले की काम खोळंबते. संकटात तर मुळीच विचारू नये. धाक असला की चुका कमी होतात. माणसांना मोकळे सोडले की सामायिक मालमत्तेची वाट लागते. या चार विधानांपैकी एक अर्धे खरे आहे आणि त्याच्याच जोरावर उरलेली तीन खपून जातात. म्हणून चारही सुटी करून पाहायला हवीत.

‘विचारत बसले की काम कमी होते.’

१९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-दहा वर्षांच्या मुलांच्या छंद-गटांवर प्रयोग केले. मुखवटे बनवण्यासारखी कामे तीच, बदलत होती ती प्रमुखाची पद्धत: हुकमी, विचारविनिमयाची किंवा अजिबात लक्ष न घालणारी. हुकमी प्रमुखासमोर निमूट राहणाऱ्या गटांचा ७४ टक्के वेळ कामात जात होता, विचारविनिमयाच्या गटांचा ५० टक्के. दावा करणारे इथेच थांबतात. प्रमुख खोलीबाहेर गेला की पहिला आकडा २९ वर घसरला, दुसरा ४६ वर टिकला. हुकमी पद्धतीला चिडून उत्तर देणाऱ्या गटांत तर ५२ चे १६ झाले.

हे आकडे लहान मुलांच्या छोट्या गटांचे आहेत. ते जसेच्या तसे मोठ्यांच्या कचेरीला लावता येणार नाहीत. पण घसरणीचे कारण कुठेही लागू पडते. हुकमी प्रमुख एका वेळी एकच पायरी सांगायचा, त्यामुळे तो उठून गेला की पुढे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नसायचे. विचारविनिमयाच्या गटात कामाचा सगळा क्रम सुरुवातीलाच मांडला जायचा. म्हणजे फरक गोड बोलण्याचा नव्हता. पुढची पायरी कुणाच्या डोक्यात आहे, याचा होता. काम सोपवताना चार गोष्टी पहिल्याच दिवशी सांगाव्यात: हे कशासाठी, कधीपर्यंत, किती खर्चाच्या आत आणि सर्व टप्पे कोणते. ‘झाले की मला विचार, मग पुढचे सांगतो’ म्हणणाऱ्याच्या टेबलापाशी रांग लागते आणि तो रजेवर गेला की ती रांग तिथेच थिजते.

याच प्रयोगात तिसऱ्या प्रकारचा निकाल फारसा कुणी सांगत नाही. लक्ष न घालणारा प्रमुख समोर असताना कामाचा वेळ ३३ टक्के होता, तो निघून गेल्यावर ४९. कडक नाही म्हणजे ढिला, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. विचारविनिमय आणि ढिलाई या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत.

‘संकटात एकानेच ठरवावे.’

हेच ते अर्धे खरे विधान. शेवटचा शब्द एकाचा असावा, इथवर ते बरोबर आहे. पण त्यातून ‘म्हणून बाकीच्यांनी गप्प बसावे’ असा अर्थ काढला जातो, आणि घात होतो तो तिथे.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन त्या कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक होता. परवानगीआधीच त्याने वेग द्यायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने त्याला एकदा थांबवले होते. मग मार्गाची मंजुरी मिळाली, उड्डाणाची नव्हे. कॅप्टन पुन्हा निघाला. या वेळी सहवैमानिकाने अडवले नाही. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कॅप्टनने ठासून ‘झाले आहे’ म्हटले आणि पुढे कुणी बोलले नाही. धुके होते, रेडिओवरचे बोलणे एकमेकांवर आदळून तुटले होते, ही कारणेही खरीच. तरी योग्य शंका त्याच कॉकपिटमध्ये होती. तिला दुसऱ्यांदा तोंड उघडता आले नाही.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीचे १७३ क्रमांकाचे उड्डाण इंधन संपून पडले आणि १० जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतून सुमारे तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन उतरते आहे हे सहकाऱ्यांना दिसत होते, पण त्यांनी ते पुरेसे ठामपणे मांडले नाही. चौकशीनंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेली शिफारस कडक हाताच्या समर्थकांनी आवर्जून वाचावी अशी आहे: कॅप्टनना सहभागाने काम चालवण्याचे आणि इतरांना ठामपणे बोलण्याचे प्रशिक्षण द्या.

अशा प्रशिक्षणाची कसोटी १९ जुलै १९८९ रोजी लागली. युनायटेडच्याच २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीकडचे इंजिन फुटले आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनिस फिच यांना आत घेतले आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, त्यांच्या हाती दिले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीला उतरवले गेले. २९६ पैकी १८४ जण वाचले. सूत्रे शेवटपर्यंत हेन्स यांच्याकडेच होती, फक्त कान उघडे होते.

हे रोजच्या कामात आणायचे तर बैठकीत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने आधी बोलावे आणि प्रमुखाने सर्वांत शेवटी. प्रमुखाने आधी मत सांगितले की नंतरची मते त्याच्याभोवती फिरू लागतात. धोका दिसला तर शंका दोनदा, स्पष्ट शब्दांत मांडावी: काय दिसते आहे, त्याने काय होईल, काय करावे. दोन्ही वेळा दुर्लक्ष झाले तर काम थांबवण्याचा किंवा वरच्या पातळीवर जाण्याचा हक्क आधीच लेखी दिलेला असावा. ऐन वेळी तो मागायला कुणी धजत नाही.

‘धाक असला की चुका कमी होतात.’

कमी होते ती नोंद. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत आढळलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथले लोक निष्काळजी होते असे नव्हे, तर तिथे चूक सांगता येत होती. कागदावर स्वच्छ दिसणारा विभाग म्हणूनच आधी तपासावा.

मग शिक्षाच नको का? हवी, पण कशाची हे ठरवून. अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेल्या विमान-सुरक्षा नोंदव्यवस्थेत अनवधानाने झालेला नियमभंग १० दिवसांच्या आत स्वतःहून कळवला, तर दंडातून सूट मिळू शकते. जाणूनबुजून केलेला भंग, गुन्हा किंवा अपघात यांना ती नाही. ही रेषा कुठल्याही संस्थेला आखता येते. मात्र कळवणाऱ्याला ठरलेल्या दिवसांत उत्तर गेले पाहिजे, नाहीतर कळवणे थांबते.

‘लोकांवर सोडले की सामायिक गोष्टी लुटल्या जातात.’

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते नेमके याच समजुतीला पुराव्यांनी उत्तर दिल्याबद्दल. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाच्या १५१७ च्या नियमात म्हटले होते की, हिवाळ्यात जितक्या गायी स्वतः पोसता येतात, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवाव्यात. नियम मोजता येणारा होता आणि तो मोडला हे शेजाऱ्यालाही दिसायचे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतीच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात तोंडीच निकाली निघतात आणि निवाडा करणारे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात. नेपाळमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या कालव्यांतून शेवटच्या टोकाच्या शेतांपर्यंत पाणी जास्त भरवशाने पोहोचते, सरकारी खात्याच्या पक्क्या बांधकामाच्या कालव्यांपेक्षाही.

यांपैकी कुठेही मोकाट कारभार नाही. देखरेख आहे, दंडही आहे, पण तो पायरीपायरीने वाढतो: आधी समज, मग थोडा दंड, वारंवार केल्यास वापराचा हक्क जाणे. पहिल्याच चुकीला जबर शिक्षा ठेवली की शेजारी शेजाऱ्याचे नाव सांगत नाही आणि नियम कागदावर राहतो.

राहिली बारभाईची म्हण. ती लागू पडते तिथे दोष बारा जणांना विचारण्याचा नसतो, ठरवणार कोण हे न ठरवण्याचा असतो. निर्णयांची एक यादी करावी: प्रमुख एकटा घेईल ते, विचारून घेईल ते आणि सगळे मिळून घेतील ते. पहिल्या गटातला निर्णय दुसऱ्यातला असल्याचे भासवून मते मागू नयेत. घेतलेल्या निर्णयावर मागितलेले मत लोक लगेच ओळखतात आणि पुढच्या वेळी खरे मतही देत नाहीत.

आणि कडक हाताने घडी बसली आहे असे वाटत असेल, तर प्रमुखाने फोन बंद ठेवून दोन आठवडे बाजूला व्हावे. परतल्यावर तीनच गोष्टी पाहाव्यात: किती निर्णय अडले, कोणती वाईट बातमी किती दिवस दडून राहिली आणि कोणता नियम पहिल्याच दिवशी मोडला गेला.