रोज डार्क चॉकलेट आणि तरुणांचं हृदय: एका फॉरवर्डची झडती

सोसायटीच्या ग्रुपपासून माझ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा: विशी-तिशीतल्या मुलामुलींनी रोज डार्क चॉकलेटच्या चार वड्या किंवा कपभर कोको घ्यावा. हृदय सुरक्षित राहतं, मेंदू तल्लख होतो, वजन उतरतं, हिमोग्लोबिन वाढतं. खाली ठळक अक्षरांत, ‘एकवीस हजार लोकांवर सिद्ध’. मी गोरेगावात घरी चॉकलेटं करून विकते, म्हणजे हा मजकूर माझ्या पथ्यावरच पडायला हवा. तरी मला तो पुढे ढकलवत नाही.

आधी ते एकवीस हजार. ही अमेरिकेतली ‘कॉसमॉस’ चाचणी, निष्कर्ष आले २०२२ साली. त्यातले पुरुष साठीचे आणि पुढचे, बायका पासष्टच्या आणि पुढच्या. विशी-तिशीतलं त्यात कुणीच नव्हतं. शिवाय त्यांना चॉकलेट नाही, कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, रोज ५०० मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या (फ्लॅव्हनॉल म्हणजे कोकोत नैसर्गिकपणे असणारी वनस्पतिजन्य द्रव्यं). हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं एकत्र धरलं तेव्हा ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी भरले, हे खरं. पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. आणि हो, चाचणीला मार्स या चॉकलेटवाल्या कंपनीच्या एका विभागाचं पाठबळ होतं. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण फॉरवर्डमध्ये एवढं तरी यायला हवं होतं.

खरी गोम पुढे आहे. गुण असलाच तर तो फ्लॅव्हनॉलचा, आणि ते आपल्या कपात कितपत उतरतात? कोकोचा आंबट-तुरटपणा मारायला आणि रंग गडद करायला पावडरीवर अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची, प्रक्रिया करतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत साध्या पावडरीत ग्रॅममागे सुमारे ३५ मिलीग्रॅम फ्लॅव्हनॉल सापडले, तर जबर प्रक्रिया केलेल्या पावडरीत जेमतेम ४. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रक्तवाहिन्यांसाठी दिवसाला २०० मिलीग्रॅमचा आकडा मान्य केलाय. तो गाठायला साधी पावडर सहा ग्रॅम पुरेल, काळी मात्र पन्नास ग्रॅम लागेल! आणि आपल्याकडे समज नेमका उलटा: जितकी काळी तितकी अस्सल. पाकीट उलटं करून बघा, घटकांत ‘ॲसिडिटी रेग्युलेटर ५०१’ किंवा ‘५००’ दिसलं तर बहुतेक वेळा अल्कली पडलेली असते.

क्रॉफर्ड मार्केटात स्लॅब घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, “कंपाउंड देऊ की प्युअर?” भावात मोठा फरक, म्हणून घरगुती चॉकलेटवाल्यांचा बराच माल कंपाउंडच. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप-तेल असतं. ‘डार्क कंपाउंड’ असं लिहिलेल्या स्लॅबच्या लेबलावर पहिलं नाव बहुधा साखरेचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे, म्हणजे काय ते समजा. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्याचीही तीच कथा.

मेंदूच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात १८ ते ४० वयाच्या १८ निरोगी पुरुषांना भरपूर फ्लॅव्हनॉलचा कोको एकेकदा पाजला, जवळजवळ ६८० मिलीग्रॅमचा. चौदा जणांच्या मेंदूला ऑक्सिजन चांगला पोचला आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडवली. उरलेल्या चौघांना काही फरक पडला नाही. माणसं अठरा, त्यात बाई एकही नाही, आणि परिणाम एका डोसचा. एवढ्यावरून रोजच्या चार वड्यांनी सीईटीचे मार्क वाढतील म्हणणं म्हणजे फारच झालं.

वजनाचं सोडूनच द्या. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सहाशेच्या आसपास कॅलरी असतात. २०१५ साली ‘चॉकलेटने वजन घटतं’ ही बातमी जगभर झळकली ती जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम रचलेल्या कच्च्या अभ्यासावरून. पंधरा माणसं आणि अठरा मोजमापं, म्हणजे योगायोगानेही काही ना काही जुळणारच.

हिमोग्लोबिनचा मुद्दा मात्र मला खटकतो, कारण त्याने नुकसान होऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. डार्क चॉकलेटमध्ये लोह असतं, शंभर ग्रॅममागे बारा मिलीग्रॅमच्या आसपास. पण कोकोतलीच पॉलिफेनॉल्स (फ्लॅव्हनॉल ज्यात मोडतात तो द्रव्यांचा गट) लोह नीट शोषू देत नाहीत. १९९९ च्या एका प्रयोगात पावाबरोबर कोको दिला तेव्हा लोहाचं शोषण ७१ टक्क्यांनी घटलं. चहाचंही तेच आहे, पण चहाने रक्त वाढतं असं कुणी सांगत नाही. तुमच्या मुलीला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या आणि हॉट चॉकलेट निदान दोन तासांनी.